बावीचं ते बावीला

सोमवार, ३ ऑक्टोबर १९३२. मिरजोळे, रत्नागिरी.

आज सकाळी बरोबर सव्वाआठ वाजता श्री. आत्माराम नार्वेकर यांनी घराची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि घरात किंवा विहिरीत कसलीही भानगड नसल्याचे सांगितले. तारीख आणि वेळ मुद्दाम लिहून ठेवते. तीस वर्षे मुलींच्या शाळेत काढल्यावर एवढे कळते, की वाद निघाला म्हणजे लोकांना तारखा आठवत नाहीत.

घर मात्र मनाजोगे आहे. जांभ्याच्या भिंती, पुढे पडवी, मागे काजूची झाडे, अंगणात पायऱ्यांची विहीर. बोटीच्या प्रवासाचा शीण इथल्या पाण्याचा पहिला पेला पिताच उतरला. मी चक्क गाणे गुणगुणले. माझ्या मुलींनी ऐकले असते तर घाबरून पुस्तके उघडली असती.

संध्याकाळी विहिरीवर बारीक पंखांचे किडे वरखाली नाचत होते. नार्वेकर म्हणाले, डास. मी म्हटले, डासाला पंखांची एकच जोडी असते आणि तो कानाशी गुणगुणतो. हे मुके आहेत. ते हसले. उत्तर येत नसले की पुरुष हसतात.

बुधवार, ५ ऑक्टोबर.

किड्याची ओळख पटली. कॉन्व्हेंटात मदर आम्हाला भिंग देऊन तळ्याकाठी बसवत, ते आज कामी आले. चतुर नव्हे, तो पंख आडवे पसरून बसतो. टाचणी म्हणतात तो त्याचा भाऊबंदही नव्हे; तो काडीसारखा लांब. ह्याचे पंख मिटलेल्या पुस्तकासारखे पाठीवर उभे, शेपटाला तीन लांब केस. मदर हिला एका दिवसाची माशी म्हणत. पिल्लू महिनोन् महिने पाण्यात वाढते, मग वर येऊन कात टाकते, पंख फुटतात, एक संध्याकाळ नाचते आणि मरते.

कामाला वाडीतली सगुणा आहे. ती पाणी चौपदरी फडक्यातून गाळते आणि फडक्यात राहिलेली पिल्ले पायरीवर बसून परत विहिरीत झाडते. गाळायचे आणि पुन्हा त्याच पाण्यात टाकायचे! मी ते बंद केले. पाणी मी उकळून पिईन आणि पिल्ले काचेच्या बरणीत पाळीन, असे सांगितले. इथे विहिरीला बाव म्हणतात. सगुणा म्हणाली, "बावीचा हाय त्या बावीला द्यायाचा, बाय. घरात ठेवायचा नाय."

मी विचारले, ठेवले तर काय, बाव माझ्याशी भांडायला येईल? ती म्हणाली, बाव भांडत नाय, बदल्यात दुसरा घेते.

रविवार, ९ ऑक्टोबर.

बरणीतली पिल्ले काडीवर चढली आणि त्यांनी कात टाकली. पंख आले ते मळकट, ओल्या कागदासारखे. मग त्या पंखांसकट दुसऱ्यांदा कात, आणि आतून काचेसारखे लख्ख अंग. पंख फुटल्यावर पुन्हा कात टाकणारा दुसरा किडा मदरना ठाऊक नव्हता.

भिंगाखाली डोके पाहिले. डोळे मोठे. तोंड नाही. जिथे असावे तिथे एक मिटलेली रेघ. तिला खायचेच नसते. पाण्यात असताना खाल्लेले पुरते.

मला तीन दिवस भूक नाही. हवापालट झाला की असे होते. सगुणाने पेज तशीच परत नेली. ती हल्ली पिण्याचे पाणी आपल्या घरून तांब्यात आणते. विचारल्यावर म्हणाली, "गंगुबायना पन भूक नव्हती."

गंगुबाई ही नार्वेकरांची आत्या. माझ्याआधी ह्याच घरात राहत होती. मला सांगितले होते, की ती मुंबईला मुलाकडे गेली. सगुणा म्हणते, तिला मूलच नव्हते. कुंडीतल्या माशांना खायला घालायला म्हणून तिने विहिरीतली पिल्ले काढून ठेवली होती.

बुधवार, १२ ऑक्टोबर.

डाव्या हाताची कातडी निघाली. सोललेली नव्हे. अखंड निघाली, हातमोजा काढावा तशी, नखांसकट. दुखले नाही. आतला हात मळकट, ओलसर, आणि त्याला बारीक रेघा आहेत. पानाच्या शिरांसारख्या.

हातमोजा बशीत ठेवला आहे. सगुणाने तो पाहिला आणि तांब्या तिथेच टाकून गेली.

नार्वेकरांना निरोप धाडला. ते म्हणतात, उन्हाने होते. ते अंगणात आले नाहीत, गडग्याबाहेरून, दगडी कुंपणापलीकडूनच बोलले. गंगुबाईंचे विचारले तर गाडीत बसले.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर.

बरणी विहिरीत रिकामी केली. सगुणाचे ऐकायला हवे होते, हे मी माझ्या हाताने लिहिते आहे. पण बरणीत आता नुसत्या काती होत्या. परत द्यायला काही उरले —

चमचा तोंडात जात नाही. ओठ कडेने जुळत चालले आहेत. सकाळची प्रार्थना मोठ्याने म्हणून पाहिली. अर्धी झाली. पुढचे शब्द आठवत होते, बाहेर आले नाहीत.

पाठीत, खांद्यांच्या मध्ये, काहीतरी उभे राहते आहे. उताणे निजता येत नाही.

शनिवार, १५ ऑक्टोबर. दुपार.

नमुना. मादी. वय एकसष्ट. डोळे मोठे झालेले. तोंडाच्या जागी मिटलेली रेघ. पंखांच्या दोन जोड्या, मळकट. म्हणजे एक कात बाकी —

विहिरीच्या तळच्या पायरीला एक जुनी कात चिकटलेली सापडली. पाच फूट. कानाच्या पाळीत कुडीचे भोक.

आता नार्वेकरांना पत्र. सगुणा गडग्यापर्यंत येते. तिथे दगडाखाली ठेवीन. ते पोचवायचे तिने निदान कबूल केले आहे, मान हलवून, रडत.

श्री. आत्माराम नार्वेकर यांस,

सोमवार ता. ३ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता आपण माझ्याशी खोटे बोललात. माझा एकच प्रश्न आहे. दुसरी कात टाकण्यापूर्वी गंगुबाईंनी काही केले होते का, आणि त्याने थोडा वेळ तरी मिळाला का? आपण पाहत होता. आपल्याला ठाऊक आहे.

उत्तर लेखी द्यावे. आपण तोंडी काही सांगितलेत, तर मला उलटून विचारता येणार नाही. उद्या, रविवार ता. १६, सूर्यास्तापूर्वी पोहोचावे. त्यानंतर आलेले उत्तर वाचायला मी —

रविवार. ऊन उतरले.

गडग्यावर कोणी नाही. पाठ उकलते आहे. आत किती लख्ख —

विहिरीवर ते नाचायला लागले. त्यांच्यात एक माणसाएवढी मोठी आहे, ती माझ्याकडेच —

सूर्यास्ताला अजून अर्धा तास आहे. मी वेळ दिली आहे, नार्वेकर, लेखी उत्तर मला सूर्यास्ताच्या