तिसरी हाक आलीच नाही

आई, शिकवायचं तर पुरतं शिकवायचं होतंस. काळोख पडल्यावर हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, हे तू माझ्या डोक्यात असं ठोकून बसवलंस की आता ते निघता निघत नाही. आणि ते सोडायचं कधी, कुणासाठी, कुठल्या देशात, हे सांगायच्या आधीच तू गेलीस. तुला काय, तू सुटलीस. इथे तुझी नात नॉर्वेची तिकिटं काढून बसली आहे, तिचं आणि माझं. शनिवारी विमान. पार वरती जायचं, जिथे डिसेंबरात सूर्य वर येतच नाही म्हणे. दुपारी जरासं उजळतं आणि परत काळोख. म्हणजे तुझा नियम जवळजवळ दिवसभर लागू. मी पोळ्या लाटताना हाच विचार करते आणि पोळी फाटते. इथे लंडनमध्ये एजवेअरला ज्या डब्यांच्या किचनमध्ये मी काम करते तिथली मालकीण परवा म्हणाली, "काय हो, तब्येत बरी नाही का?" तिला काय सांगू? माझी आई मरून वीसेक वर्षं झाली आणि अजून माझ्या तोंडावर हात धरून उभी आहे, असं सांगू?

नॉर्दर्न लाइट्स म्हणजे काय ते तुला ठाऊक नसणार. मलाही नव्हतं. थंडीत उत्तरेकडे रात्रीच्या आभाळात आपोआप रंग उठतात, हलतात, विझतात. लोक पैसे भरून ते बघायला जातात. नाताळच्या सुट्टीत इथे कुणी घरात बसत नाही, आणि माझी मुलगी रीडिंग गावात ऑफिसात वर्षभर खुर्चीत बसलेली, तिला तर बसवतच नाही. मागच्या नाताळात आम्हाला दोघांना गाडीत घालून स्कॉटलंडच्या टोकाला नेलं. समुद्राजवळ एकटं घर. ह्यांना सर्दी झालेली, हे हीटरला चिकटून बसले. संध्याकाळचे पाच वाजले नसतील, पण बाहेर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. तिच्या फोनवर टिंग झालं, लाइट्स आल्या म्हणून. ती मला ओढत बाहेर घेऊन गेली, फाटकाशी उभं केलं आणि म्हणाली, "आई, तू इथेच थांब, मी त्या साइडने फोटो काढते." आणि गेली शेतातून खाली.

मी वर बघितलं. लोक म्हणतात फार सुंदर. मला विचारशील तर पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की कडेला जो हिरवा चढतो ना, तसला हिरवा. कळकलेला. तू तसलं ताक ओतून टाकायचीस, बोट लावू द्यायची नाहीस. आणि इथे अख्खं आभाळ तसं. आवाज काही नाही. एवढं मोठं हलतंय आणि आवाज नाही, हे मला सोसेना. तेवढ्यात खालून हाक आली, "आई!"

माझी मान तिकडे वळली. तोंड नाही उघडलं. मग परत, "आई!" मी फाटक घट्ट धरलं आणि तिसरीची वाट बघत राहिले. तिसरी आली नाही.

तू असतीस तर म्हणाली असतीस, बघ, बरं झालं ओ दिली नाहीस. आपल्या घरात तेच होतं. मी चुलीपुढे तांदूळ निवडतेय, बाहेर काळोख आणि दादांची हाक येते. आवाज दादांचाच, खोकलासुद्धा दादांचा. मी उठायला जाते आणि तू राखेचा हात माझ्या तोंडावर दाबतेस. दुसरी हाक. तुझा हात तसाच. तिसरी झाली की मग कडी काढतेस. दादा चिडलेले, डोक्यावर ओझं, "अगं, नवरा ना मी तुझा? माझंच घर ना हे?" आणि तू म्हणतेस, "पहिल्याच दमात तीनदा ओरडायचं, मग खोळंबा होत नाही." भूत तीनदा हाक मारत नाही, त्याचा दम दोनातच संपतो, असं तू सांगायचीस. म्हणून आपल्याकडे सगळेच तीनदा हाक मारायचे. शेजारीपाजारी, पाव्हणा, दूधवाला. मारणाऱ्याला ठाऊक, ओ देणाऱ्याला ठाऊक. त्यात कुणाचं काही अडत नव्हतं.

इथे मी काय केलं, तर ओ द्यायचं माझ्यापाशी ठेवलं आणि हाक मारायचं पोरीला शिकवलंच नाही. शाळेत हसतील तिला, म्हणून. लंडनमधल्या आमच्या पिनरच्या घरात दिवे लख्ख, कोण येतंय तीनदा हाक मारायला!

स्कॉटलंडला त्या रात्री लांबच्या एका घरातला म्हातारा कुत्रं फिरवायला निघाला होता, त्याने टॉर्च मारला. पोर मांडीपर्यंत दलदलीत रुतलेली, फोन पाण्यात. त्याने काठी देऊन ओढून काढली आणि वर फाटकाशी आणली. एवढा वेळ मी तिथेच उभी होते, ती रुतली तिथून हाकेच्या अंतरावर. तिचे ओठ निळे, पण आधी मलाच विचारलं.

"आई, मी हाक मारला ना? तू ओ का नाही दिला?"

"तिसरी का नाही मारलीस?" माझ्या तोंडून हेच निघालं.

"दोनदा मारला! मला वाटलं तू येतेस. म्हणून गप्प बसली, दम लागला होता."

मी तिला तिथेच सगळं सांगितलं, तुझं, दादांचं, भुताचं. मला लपवाछपवी जमत नाही. आधी ती हसली, दात वाजत होते तरी हसली. "सीरियसली, आई? मी भूत?" मग अंगावर ब्लँकेट घेऊन हीटरपाशी बसली आणि मोज्यांतला चिखल पिळत राहिली. शेवटी म्हणाली, "त्या माणसाच्या कुत्र्याने मला ऐकलं." एवढंच. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता म्हणते, परत लाइट्स बघायला जाऊ. मी म्हटलं, हे घरी एकटे कसे राहतील, तर म्हणाली, "बाबा टीव्हीबरोबर राहतील. तू नाही आला तर मी एकटी जाते." आणि जाईल. ती माझ्यावर गेली आहे. नाही गेले तर पोर त्या काळोखात एकटी. गेले तरी एकटीच, माझं तोंड उघडलं नाही तर. वर्षभर मी सराव करतेय. जिन्यावरून तिने नुसतं "आ" केलं की मी "ओ" म्हणते. दिवसा जमतं. पण मागच्या रविवारी आम्ही बागेत दिवे बघायला गेलो, नाताळात इथे झाडांना दिवे लावून लोकांना फिरवतात तसं. साडेचारलाच अंधारलेलं. ती हॉट चॉकलेट आणायला गेली आणि झाडांमागून ओरडली, "आई, मार्शमेलो हवंय?" आजूबाजूला एवढी माणसं, पोरं, बाबागाड्या. आणि माझ्या ओठांवर तुझा हात. राखेचा वास आला मला, खरंच आला. ती दोन कप घेऊन पुढ्यात येऊन उभी राहिली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "इट्स ओके, आई." तेव्हापासून मला झोप नाही.

म्हणून लिहितेय. चौथी शिकलेली बाई मी, तुला तर अक्षरही वाचता येत नव्हतं, आणि हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा तेही मला ठाऊक नाही. टाकणारही नाही. पण तुला ऐकू जातं हे मी धरून चालले आहे. शनिवारी विमान आहे, तर शुक्रवारच्या आत मला सांग, पोरीच्या पहिल्या हाकेला ओ देऊ की नको. हात काढ किंवा काढत नाही म्हण. नुसती गप्प बसू नकोस, आता ते चालायचं नाही. आणि एक सांगते, रागावू नकोस. काळोखात आलीस आणि एकदाच हाक मारलीस, तरी मी ओ देईन.