शेपटीवाल्या अळ्या आणि नर्मदेची शेवंती

२० सप्टेंबर १९३७, सोमवार. सेलू.

जिनिंगच्या ऑफिसात निजाम सरकारची फसली तारीख घालावी लागते. ही वही खासगी, म्हणून इंग्रजी तारीख. आजपासून रोज लिहिणार.

सौ. नर्मदा भावाबरोबर माहेरी पालमला गेली आहे. हवापालटासाठी. शेजारच्या धुरपताबाईंनी गल्लीभर "रुसून गेली" असं करून ठेवलंय. महालक्ष्म्यांच्या जेवणात मी पंगतीसमोर एवढंच म्हणालो होतो, की वरण खारट झालंय आणि हा हात हिच्या आईकडून आलाय. यात रुसण्यासारखं काय आहे? नुसती माहिती होती.

जाताना तिने एकच काम सांगितलं. भिंतीलगत रॉकेलच्या रिकाम्या डब्यांत तिची पांढरी शेवंती आहे, तिला पाणी घाला. पाणीच घाला, दुसरं काही करू नका. पण नुसतं पाणी कुणीही घालील. भाऊबीज करून ती परत येईल तेव्हा बशीएवढी फुलं दाखवायची. मग बोलेल.

२१ सप्टेंबर

लिक्विड खत करायचं ठरलं. आमचे हेडक्लार्क दिनकरराव म्हणाले, घट्ट खत झाडाला पचायला वेळ लागतो, पातळ लगेच अंगी लागतं. पटलं. मागच्या अंगणातल्या रांजणात शेण, सरकीची पेंड, कडुलिंबाचा पाला, गूळ आणि पाणी. गूळ ही माझी स्वतःची भर. झाकण सापडलं नाही. हवा लागलेली बरीच.

२६ सप्टेंबर

रोज लिहायचं राहिलं. खत ढवळण्यात वेळ जातो.

वास येतोय. वास म्हणजे ताकद. धुरपताबाईंनी भिंतीवरून विचारलं, "बन्सीधरराव, काई मेलंय का तुमच्याकडं?" सायन्स आहे, म्हणालो. "मंग पुरून टाका," म्हणाल्या.

भात करपला. पातेलं भिजत घातलंय. कालचंही भिजतंय.

२ ऑक्टोबर, सकाळ

खत तयार. प्रत्येक डब्यात तांब्याभर घातलं. झाडं लगेच तरतरीत दिसायला लागली.

२ ऑक्टोबर, दुपार

रांजणात उरलेलं काठीने ढवळलं. हाललं. काठी काढली तरी हालतच होतं.

अळ्या आहेत. मळकट पांढऱ्या, बोटाच्या पेराएवढ्या, आणि प्रत्येकीला शेपूट. उंदराला असते तशी, बारीक आणि अंगापेक्षा लांब. शेपटीचं टोक पाण्याबाहेर काढून सगळ्या मिळून डुलतायत.

ओट्यावर जाऊन बसलो. पाणी प्यायलो. परत जाऊन पाहिलं. होत्या.

३ ऑक्टोबर

शांतपणे विचार केला. जिथं जीव जगतो तिथं झाड जगणारच. म्हणजे खत बिघडलेलं नाही, जिवंत झालंय. हे फार थोड्यांना साधत असेल. दिनकररावांना सांगायला हवं.

४ ऑक्टोबर

सांगायला नको होतं. ते म्हणाले, मुळं खातात या. आधी मुळं, मग खोड. तुम्ही पाहिल्यात का विचारलं तर म्हणाले, वाचलंय.

पोट दुखतंय सांगून घरी आलो. एक झाड उपटून मुळं पाहिली. अळी नव्हती. म्हणजे दुसऱ्यात असणार. दुसऱ्यातही नव्हती. संध्याकाळपर्यंत सगळी झाडं उपटून पाहिली आणि परत लावली. कशातच नव्हती. एका अर्थी मुळांना हवा मिळाली.

६ ऑक्टोबर

पानं लोंबतायत. म्हणजे अळ्या आहेत, फक्त दिसत नाहीत. मिठाचं पाणी घातलं.

नर्मदा असती तर म्हणाली असती... काय म्हणाली असती कोण जाणे. मी तिला पुरतं बोलू देत नाही असं तिचं म्हणणं आहे. ते खरं नाही. ती हळू बोलते, एवढंच.

७ ऑक्टोबर

पानं पिवळी. मीठ कमी पडलं. रॉकेल घातलं. डब्यांत मुळात रॉकेलच होतं, तेव्हा झाडांना सवय असणार.

९ ऑक्टोबर

पहाटे रांजण पाहिला तर अळ्या कमी. आनंद झाला. मग पायाखाली काहीतरी मऊ लागलं.

बाहेर पडल्यात. रांजणाच्या काठावरून उतरून, शेपट्या ओढत, कोरड्या जागेकडे निघाल्यात. अंगण ओलांडून भिंतीच्या फटीतून पलीकडे. पलीकडे धुरपताबाईंचे मूग वाळत पडले होते.

धुरपताबाई आल्या. सुपात मूग, मुगात शेपटीची अळी. ही आमची नाही, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "शेपटीचे किडे गावात आनखी कुनी पाळल्यात का?"

ऑफिस बुडवून दिवसभर त्यांचे मूग निवडत बसलो. आठवड्यातून एकच रविवार, आणि उद्याचाही त्यातच जाणार. कमरेत उसण भरली.

१४ ऑक्टोबर, दसरा

घरात सणाचं काही नाही. धुरपताबाईंनी भिंतीवरून पुरणपोळी दिली. मुगाचं एवढं झालं तरी दिली. "नर्मदेला आणायला कधी जायलात?" असं विचारलं. तिची तीच येईल, म्हणालो. पोळी गोड होती. एकट्याने खाल्ली.

दोन डब्यांतली झाडं पार वाळली. बाकीची विश्रांती घेत असावीत.

१७ ऑक्टोबर

मेहुणा मुंजाजी कापसाच्या कामाने सेलूला आला होता. त्याची चाहूल लागताच शेवंतीवर धोतर टाकलं.

"अक्कानं इचारलंय, शेवंती कशी हाय म्हून."

उत्तम आहे, म्हणालो.

"झाकलीय का?"

सायंटिफिक कारण आहे, म्हणालो. त्याने वास घेतला, पण विचारलं नाही. गडी सभ्य आहे. चहा मीच केला. त्याने अर्धा ठेवला.

निघताना विचारलं, भाऊबीज झाली की येईल ना. तो चपलेत पाय घालत राहिला. मग म्हणाला, "दाजी, ती काई बोलंना. दळायला बसली की बसतीय निस्ती. मला वाटतंय तुमी एकदा न्यायला यावं."

सीझन आहे, रजा मिळत नाही, म्हणालो.

"तुमची मर्जी. पन ती आपून होऊन येईल असं मला न्हाई वाटत."

तो गेल्यावर बराच वेळ दारातच उभा होतो. मी जाऊन काय बोलणार? मला बोलता येत नाही असं नाही. उलट येतं, तीच अडचण आहे. फुलं दाखवली असती तर बोलावं लागलं नसतं.

२४ ऑक्टोबर

आशा. अंगणात मधमाश्या घोंघावतायत. ढिगाने. मेहनतीचं फळ असं अचानक मिळतं. शेवंती नाही तर मध. शुद्ध मध घेऊन पालमला गेलो तर सासूबाईसुद्धा काही म्हणणार नाहीत. त्यांनी पोळं करावं म्हणून खोक्याला भोक पाडून भिंतीवर ठेवलं.

२५ ऑक्टोबर

दिनकररावांना घरी आणून दाखवलं. त्यांनी एक टोपीत पकडली, निरखली आणि माझ्या हातावर सोडली. मी ओरडलो. काही झालं नाही. "माशी आहे," म्हणाले. "मधमाशीसारखी दिसते इतकंच. तुमच्या त्या अळ्यांना पंख फुटलेत. निरुपद्रवी जात आहे."

मुळं खातात असं आपणच म्हणाला होतात, म्हणालो. ते म्हणाले, "ती दुसरी अळी असेल."

धोतर काढून पाहिलं. एकही झाड उरलेलं नाही.

३१ ऑक्टोबर

शेवटी ठरवलं. पालमला जायचं, तिच्या माहेरच्या पायऱ्यांवर उभं राहून सरळ सांगायचं, चुकलो, चल. धुतलेला कोट घातला. स्टेशनवर तीन वेळा पाठ केलं. गाडीत बसलो.

डब्यात समोर एक बाई मोठी टोपली घेऊन बसली होती. टोपलीत शेवंतीची रोपं, कळ्या-फुलांसकट. मानवत रोडला ती उतरली. मीही उतरलो.

टोपलीसकट रोपं विकत घेतली. फुलं पिवळी आहेत. नर्मदेची पांढरी होती. पण माणूस दोन महिन्यांत रंग विसरतो. परतीच्या गाडीत मांडीवर टोपली घेऊन बसलो. कोटाला माती लागली. चुकलो, चल, हे अजून पाठ आहे.

१ नोव्हेंबर

रोपं त्याच डब्यांत लावली. माती बदलायची गरज नाही, चांगली मुरलेली आहे.

४ नोव्हेंबर

फुलं माना टाकून. रॉकेलचा वास अजून येतो. दिवाळीचा एक दिवा लावला, तोही डब्यांपासून लांब.

८ नोव्हेंबर

नर्मदा आली.

मुंजाजीबरोबर, दुपारच्या गाडीने. मी ऑफिसातून येतो तो ट्रंक ओट्यावर. ती डब्यांपाशी उभी. वाळकी पिवळी फुलं हातात घेऊन बघत होती. तिने विचारलं, "काय काय घातलं?"

सगळं सांगितलं. खत, गूळ, मीठ, रॉकेल. अळ्यांचंही सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, "आन पानी?"

पाणी त्यातच होतं, म्हणालो.

आता ते वाक्य म्हणायचं होतं. चुकलो, एवढं निघालं. पुढचं राहिलं. ती आलेलीच होती, त्यामुळे चल म्हणायला अर्थही नव्हता. तिने पदर तोंडाला लावला. हसली की रडली कळलं नाही. विचारलं नाही. ट्रंक उचलून आत नेली. चांगली जड होती. म्हणजे राहणार.

मग तिने मुंजाजीकडून एक टोपली मागून घेतली. ओल्या फडक्याखाली पांढरी शेवंती, कळ्यांनी भरलेली. भादव्यात निघतानाच तिने प्रत्येक डब्यातला एकेक फुटवा काढून नेला होता. मला दिसला नव्हता. मी म्हणालो, म्हणजे माझ्यावर भरवसा नव्हता. ती म्हणाली, "तेरा वर्सं झाली की आपल्या लग्नाला," आणि चूल पेटवायला गेली.

१४ नोव्हेंबर, रविवार

आमच्या अंगणातली माती आता कामाची नाही असं तिचं आणि धुरपताबाईंचं ठरलं. शेवंती त्यांच्याकडे लावली, भिंतीपलीकडे. नर्मदा सकाळ-संध्याकाळ पाणी घालायला तिकडे जाते. बराच वेळ बसते. दोघी हळू बोलतात, ऐकू येत नाही.

मला हात लावायला मनाई आहे. भिंतीवरून बघायला हरकत नाही, म्हणाली.

आज रांजण पालथा घालून त्यावर चढलो आणि पाहिलं. पहिली फुलं उमललीत. चांगली आहेत, पण झाडं किंचित बारीक वाटली. थोडंसं पातळ खत मिळालं असतं तर... असं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात धुरपताबाईंनी वर पाहिलं.

"बघून झालं असंल तर सरका," म्हणाल्या. "ऊन अडायलंय."