पहिल्या तुकडीतली ताई

मंगळवार, १४ नोव्हेंबर

प्रिय ठोंब्या,

आशीर्वाद घे, आणि घेतलास की तोंड उघड.

कागद बघून दचकू नकोस. फोन तू उचलत नाहीस, मेसेजवर निळ्या खुणा येतात आणि पुढे सगळं सामसूम. पाकीट आलं की माणूस निदान फोडून तरी बघतो, म्हणून हा खटाटोप. इतका मोठा शास्त्रज्ञ झालास, पण बहिणीला 'बरी आहेस का' एवढं विचारायला तुझी जीभ टाळ्याला चिकटते. ठोंब्या तो ठोंब्याच.

इथलं ठीक. तुझ्या दाजींनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलंय. काल अंडी उकडायला ठेवली आणि पेपर वाचत बसले. पाणी आटलं, अंडी फुटली, पातेलं काळंठिक्कर. वर मलाच विचारतात, तुला वास कसा नाही आला? औषधांनी माझं नाक गेलंय हे विसरलेच. मग आठवलं, तर तिथेच रडायला लागले. हातात ते पातेलं घेऊन मीच त्यांची समजूत काढत उभी!

माझं ड्रायव्हिंग स्कूल चालू आहे. शिकवायला एक मुलगी ठेवलीय. चांगली आहे, पण ओरडत नाही. न ओरडता आजवर कुणी रिव्हर्स शिकलंय का? तुला शिकवत होते तेव्हा अख्खी गल्ली खिडक्यांत आली होती.

आता कामाचं. काल तपासणीला गेले तर बाकावर शेजारी शिट्टीबाई. शाळेत खेळ शिकवायच्या त्या. गळ्यात अजून शिट्टी असते, म्हणून हे नाव मी ठेवलंय. आजार आमचा एकच, फुप्फुसातली गाठ. त्या तुमच्या औषधाच्या चाचणीतल्या चौथ्या तुकडीत आहेत. ठोंब्या, त्यांची गाठ निम्मी झालीय. निम्मी! जिना चढून वर आल्या आणि धाप नाही. म्हणाल्या, आम्हाला पहिल्या तुकडीच्या शंभरपट डोस दिला म्हणे.

मग मला सांग, माझा दुसरा डोस कधी? तूच म्हणाला होतास, आधी थोडं देऊन बघतात, सोसलं तर पुढे वाढवून देतील. मला सोसलं की. ताप आला, हुडहुडी भरली, पण सोसलं. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, पुढच्या वेळी निवांत बोलू. निवांत बोलायला मी काय त्यांच्याकडे पाहुणी म्हणून जाते? तू तुझ्या लॅबच्या साहेबांच्या कानावर घाल. एकदा घातलंस, तसं आणखी एकदा.

खोकला आहे. रक्त अगदी थोडं पडतं.

उत्तर पाठव. स्वतःच आलास तर फार बरं होईल.

तुझी,
ताई


शुक्रवार, १ डिसेंबर

प्रिय ठोंब्या,

तुझं उत्तर आलं नाही. का आलं नाही ते आता कळलं.

काल डॉक्टरीणबाईंनी मला आणि दाजींना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. दुसरा डोस नाही. उशिरा वगैरे नाही, मुळातच नाही. पहिल्या तुकडीचं रक्त तुझ्याच लॅबमध्ये तपासलं ना? म्हणजे तुला हे माझ्या आधी माहीत होतं.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत लिहिते, चुकलं तर सुधार. विषाणू आतून रिकामा करून तुम्ही त्यात एक जनुक भरता. तो गाठीत शिरला की ते जनुक तिथल्या पहारेकरी पेशींना हलवून जागं करतं, की हा शत्रू आहे, धरा याला. हे पहारेकरी जन्मापासूनच अंगात असतात, त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. तर माझ्या गाठीतले पहारेकरी घोरत पडले होते आणि लिव्हरमधले मेले नको तितके जागे होते. त्यांनी तुमचा विषाणू वाटेतच गिळला आणि अंगभर बोभाटा केला. आता पुन्हा तोच पाठवला तर गाठीपर्यंत पोचायचा नाही, उलट लिव्हर सुजून मीच जायची. पुढच्या लोकांना इतका दिला की पहारेकऱ्यांची पोटं भरून वर उरला. मला दिला तो गुण यायला कमी पडला, पण ओळख पटायला पुरेसा झाला.

मी विचारलं, मी थांबले असते तर?

त्या म्हणाल्या, असा विचार करायचा नाही. म्हणजे हो.

आपल्याला थांबायलाच सांगितलं होतं रे. पहिल्या तुकडीतली शेवटची जागा शिट्टीबाईंची होती, हे मला कालच कळलं. तू साहेबांच्या हातापाया पडलास, माझं नाव आत गेलं, त्यांचं मागे गेलं. केवढे खूश होतो आपण! मी तर ज्याला त्याला सांगत सुटले होते, माझा भाऊ आहे तिथे, माझा नंबर पहिला. लोक शाळेच्या प्रवेशासाठी वशिला लावतात, नोकरीसाठी लावतात. मी वशिला लावून हे मिळवलं.

काल बाहेर आले तर त्या बाकावर होत्याच. माझा चेहरा बघून त्यांनी सरकून जागा दिली. मग आपणच सांगायला लागल्या, "मला आधी बोलावलं आणि मग ऐन वेळी नको म्हणाले, माहितीये? घरी जाऊन इतकी रडले मी! ज्याने कुणी माझं नाव काढलं त्याला अशा शिव्या घातल्या!"

मी म्हटलं, "घालायलाच हव्यात."

त्यांनी डबा उघडून अर्धं सँडविच माझ्या हातात ठेवलं. मी खाल्लं. ठोंब्या, मला त्यांचा असा हेवा वाटला की यांची पुढची तपासणी बिघडू दे, असं मनात येऊन गेलं. तोंडात त्यांचाच घास होता. लिहिताना लाज वाटतेय, पण आलं खरं.

आणि तुझा राग आला. खोटं कशाला बोलू? टॅक्सीत बसल्यापासून घर येईपर्यंत तुला नाही नाही ते बोलले. दाजी म्हणाले, त्याने काय मुद्दाम केलंय का? मुद्दाम नाही केलंस, मला कळतं. दुसरा डोस देता येईल असं तेव्हा तुम्ही सगळेच धरून चालला होतात. मला तर वाटत होतं, पुढच्या तुकडीपर्यंत मी टिकणारच नाही, म्हणून घाई मीही केली. पण हे कळलं म्हणून राग जातो का? जाईल तेव्हा जाईल. तू मात्र तो जायची वाट बघत बसू नकोस. तेवढा वेळ माझ्याकडे नाही.

किती आहे, ते मी विचारलं. त्यांनी सांगितलं. दाजींनी ते ऐकलं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय, म्हणून इथे लिहीत नाही.

डॉक्टरीणबाईंना आणखी एक बोलायचं होतं. फाइल उघडत होत्या, मिटत होत्या. शेवटी मीच म्हटलं, बोला हो, याहून वाईट काय असणार? तर म्हणाल्या, तुम्ही गेल्यानंतर तुमच्या फुप्फुसाचे आणि लिव्हरचे तुकडे आम्हाला घेता येतील का? विषाणू नेमका कुठवर पोचला, कुणी अडवला, हे जिवंत माणसात इतकं नीट बघता येत नाही. खरं तर हे तुमच्या भावाने विचारायचं ठरलं होतं.

असं आहे तर! तू साहेबांना हो म्हणून आलास, आणि मग माझा फोन वाजला की पळ काढायला लागलास.

दाजी खुर्ची मागे ढकलून उठले. आयुष्यात आवाज न चढवलेला माणूस, पण असे ओरडले की नर्स धावत आली. "तिला अजून चिरायचं बाकी आहे का?" म्हणाले. मी त्यांना हाताला धरून खाली बसवलं आणि सही केली. फार मोठं मन वगैरे काही नाही हं माझं. मला फक्त जाणून घ्यायचंय की एक तरी कण त्या गाठीपर्यंत पोचला होता का. सगळंच वाया गेलं, की थोडंसं चुकलं? ते मला कळणार नाही. मग निदान घरातल्या कुणाला तरी कळू दे.

म्हणून मी अट घातली, आणि त्यांनी ती कबूल केलीय. माझ्या काचपट्ट्या तू बघायच्या. मायक्रोस्कोपला तुझा डोळा लागला पाहिजे. हाताखालच्यांवर ढकलायचं नाही. दुसऱ्या कुणासाठी तो नुसता पहिल्या तुकडीतला एक नंबर असेल.

ते तू करशील, मला खात्री आहे. कामात तू कधी कुचराई केली नाहीस. पण माझं लिव्हर बघायला वेळ काढणार आणि मला बघायला येणार नाहीस, हे मी चालवून घेणार नाही. आधी मला बघ. वजन उतरलंय, केस गेलेत, आवाज बसलाय, दारात ओळखू आले नाही तर तसं सांग, मी रागावणार नाही. रडलास तरी चालेल. माफी मागितलीस तर मात्र जिन्यावरूनच परत पाठवीन.

या रविवारी ये. पुढच्या नको, याच.

वाट बघतेय,
अजून अख्खी असलेली,
तुझी ताई