सोबतीला वाळूचं पोतं

उंद्री,
चैत्र वद्य द्वितीया, १९६६

प्रिय कोकिळा,

रुसलेल्या लेकीला आईचा आशीर्वाद. रुसवा सोडलास तर आणखी एक, वरकड.

तुझं पत्र पोचलं. 'आई, तुझं पाहू म्हणजे नाहीच ना?' एवढी एक ओळ, खाली नाव, झालं पत्र. माय वं, केवढा तो राग! उरलेला कागद कोरा पाठवलास, त्यावर मी वाण्याचा हिशेब तरी मांडायचा होता का? नागपूरच्या दवाखान्यातून नर्सच्या शिक्षणाला तुला बोलावणं आलं, तेव्हापासून तुझ्या बाबांनी एकच पालुपद धरलं होतं. पोरगी एवढ्या दूर एकटी जाईल कशी, राहील कशी, सोबत कोण? आणि मग एक दिवस जेवता जेवता त्यांनी सगळं माझ्या गळ्यात घातलं. म्हणाले, "कोकिळेची माय, तू हो म्हन, हो. तू नाही म्हन, नाही. मी मधात पडत नाही." घ्या! लग्न झाल्यापासून भाजी कोणती करतेस यापलीकडे ज्या माणसानं मला काही विचारलं नाही, त्यानं एकदम हे विचारलं. मी तुला 'पाहू' लिहिलं ते लबाडीनं नाही ग. मला खरंच काही सुचत नव्हतं. ज्या विहिरीत आपण कधी उतरलो नाही, तिचं पाणी किती खोल हे लेकीला काय सांगायचं?

तर आता नीट बसून ऐक. तुझी आई रामनवमीच्या यात्रेला शेगावला जाऊन आली. एकटी. चष्मा पूस आणि पुन्हा वाच, एकटी. रात्र राहून आली, आणि आकाशपाळण्यात बसून आली. हे पत्र तिथे मलकापुरात रामरावमामाला वाचून दाखवशील तर आधी त्याच्या हातात पाण्याचा पेला दे.

आपल्यात बाईमाणूस गावाबाहेर निघते ते सोबत घेऊन, हे तुला काय सांगायचं. आणि सोबत कशीही चालते, त्याला स्वतःची चड्डी बांधता आली नाही तरी चालते. मी रोहिणखेडला लग्नाला गेले होते तेव्हा सोबत कोण, तर तुझा चुलतभाऊ शेषराव, तेव्हा चार-पाच वर्षांचा. फाट्यापासून गावापर्यंत त्याला मी कडेवर नेलं. मोटारीत त्याला ओकारी झाली ती मी धुतली. लग्नात तो हरवला, त्याला मी शोधला. आणि घरी आल्यावर तुझी आजी म्हणाली, "बरं झालं बापा, सोबत होती." तेव्हा मला हसूसुद्धा आलं नव्हतं. रीतच ती, हसायचं काय त्यात.

यात्रेला मी शेजारच्या तानाबाईबरोबर निघाले होते. तुझ्या बाबांनी तिच्याच भरवशावर होकार दिला होता. फाट्यावर जाऊन उभ्या राहिलो, मोटार दिसायला लागली, आणि मागून तिच्या घरचा सांगावा आला की म्हैस अडली, लवकर चला. तानाबाईचा जीव त्या म्हशीत. "वच्छले, चाल घरी. यात्रा काय, पुढच्या साली येईन," असं म्हणत ती निघालीसुद्धा. मीही वळले होते बरं का. देवाशपथ वळले होते. तेवढ्यात मोटार थांबली आणि कंडक्टर ओरडला, "बाई, चढता का जाऊ?" आता काय झालं ते मला विचारू नकोस. पाय पायरीवर पडला. मी टाकला नाही, त्याचा तोच पडला. दार लागलं, घंटी वाजली, आणि खिडकीतून पाहते तर तानाबाई रस्त्यात उभी, तोंडाचा आ वासून. आमच्या दोघींची शिदोरी तिच्या पिशवीत. माझ्याजवळ एक लुगडं, तांब्या आणि यात्रेपुरते पैसे.

कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलंच, "सोबत कोन हाये?" माझ्या तोंडून निघालं, "मांगच्या सीटवर." मागच्या सीटवर एक म्हातारा मान टाकून झोपला होता. मनात म्हटलं चला, भागलं. कुठचं भागतं! खामगावला मी उतरायला लागले तर त्या भल्या माणसानं म्हाताऱ्याला गदागदा हलवून उठवलं, "ओ बाबा, तुमची बाई उतरून राह्यली, झोपता काय?" तो बिचारा डोळे चोळत माझ्याकडे पाहतो आणि मी अशी सटकले की शेगावच्या मोटारीत बसेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

धर्मशाळेत तोच प्रश्न. तिथला कारभारी गंध लावलेला, चांगला माणूस, पण प्रश्न तोच. मी म्हटलं, "मालक दर्शनाच्या बारीत उभे हायेत, येतीनच." महाराजांच्या गावात येऊन पहिल्या तासाला खोटं बोलले. मग बारीत उभी राहिले, दर्शन घेतलं, आणि समाधीपुढे कान धरले. महाराजांना काय नवल, त्यांनी माझ्यापेक्षा बिलंदर बाया पाहिल्या असतील.

दर्शन झाल्यावर पोटात कावळे. स्टेशनाजवळ कढईतून गरम कचोऱ्या निघत होत्या. मी एक घेतली, आणि सवयीनं मोडून अर्धी बाजूला धरली. कुणासाठी? बाजूला कुणी नव्हतं. कोकिळे, तुला हसू येईल, पण तुझ्या जन्मापासून मी एखादी गोष्ट आख्खी खाल्ल्याचं मला आठवत नाही. तुम्हा लेकरांना दिल्याबद्दल तक्रार नाही ग, देण्याचंही सुख असतं. पण आख्ख्या कचोरीचंही असतं. ती संपवली आणि मग दुसरी घेतली. दुसरी मोडलीच नाही, सरळ तोंडाला लावली. तिखटानं नाकाडोळ्यांतून पाणी, आणि मी खातेच आहे.

मग यात्रेत फिरले. कुणी "चाल लवकर" म्हणत नव्हतं की "तिकडे काय पाहून राह्यली" म्हणत नव्हतं. बांगडीवाल्याजवळ वाटलं तेवढी उभी राहिले आणि काही घेतलं नाही. आरसेमहालात गेले. एका आरशात मी अशी रुंद झाले की हुबेहूब आपल्या सत्यभामाबाई. तुझी आत्या म्हणून नाही सांगत, पण तोच गळा, तीच हनुवटी, फक्त कपाळावर आठी नव्हती. मी आठी घालून पाहिली आणि मग जे हसले! एकटीच. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. मागच्या बाया पाहायला लागल्या, मग त्यांनाही हसू आलं. कशाला हसतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आणि मग पाळणा. इंजिनावर फिरणारा, झाडापेक्षा उंच, वर गेलेली माणसं बाहुल्यांएवढी दिसत होती. माझ्या लहानपणी आमच्या जत्रेत हातानं फिरवायचे तो लाकडी पाळणा असायचा, त्यात तुझा मामा बसायचा आणि मी खाली त्याच्या चपला सांभाळायची. मी तिकीट काढलं आणि रांगेत लागले. माझी पाळी आली तर पाळणेवाला मागे पाहतो. "सोबत कोन, बाई?" आता मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, "कोनी नाही. मीच आहे." तो म्हणाला, "तसं नाही बाई, एकट्या मानसानं पाळना कलंडते. समोर वजन पाह्यजे." मी म्हटलं, "मंग ठेव वजन. पन उतरत नाही मी." रांगेतली माणसं हसायला लागली. त्यानं डोकं खाजवलं, आणि तंबूमागून एक वाळूचं पोतं ओढत आणून माझ्या समोरच्या फळीवर बसवलं, दोरीनं बांधलं. म्हणाला, "घ्या. भेटली सोबत."

अशी मी वर गेले, समोर पोतं आणि इकडे मी. पहिल्या फेऱ्यात माझी काय गत झाली ते लिहीत नाही, आई म्हणून थोडा मान राहू दे. एवढंच सांगते की महाराजांना हाक मारून झाली, तुझ्या बाबांना मारून झाली, आणि शेवटी मी त्या पोत्यालाच मिठी मारली. मग भीती पोटातून कुठे निघून गेली कोण जाणे. खालची माणसं उतरवायला पाळणा थांबला, आणि माझा पाळणा नेमका सगळ्यांच्या वर.

तिथून मंदिराचा कळस दिसत होता, त्याच्याही पलीकडे स्टेशन. एक गाडी सुटत होती, अकोल्याकडे. तीच पुढे नागपूरला जाते. आणि मला अकोला आठवलं. ही गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नाही. मी सातवी पास झाले तेव्हा मास्तरणीच्या शिक्षणाला अकोल्यात माझं नाव लागलं होतं. माझे बाबा तयार, आई तयार, पेटी भरलेली. रामरावदादा मला पोचवणार होता. त्याच आठवड्यात आमच्या बैलांना लाळ सुटली, खुरं सडली, दादा रात्रंदिवस गोठ्यात. त्याचं काही चुकलं नाही, बैल गेले असते तर पेरणी गेली असती. बाबा म्हणाले, पुढच्या आठवड्यात जाईल दादा सोबतीला. पुढच्या आठवड्यात तुझ्या बाबांकडचे पाहुणे मला पाहायला आले. मला कुणी नाही म्हटलं नाही, कोकिळे. म्हटलं असतं तर मी भांडले तरी असते, रडले असते, उपाशी राहिले असते. फक्त सोबत मिळाली नाही. वर पाळण्यात बसून मला त्याचं एकदम वाईट वाटलं, आणि मग त्या पोत्याकडे पाहून हसू आलं. एवढंच लागत होतं का रे देवा? समोर थोडं वजन?

खाली उतरले आणि पुन्हा तिकीट काढलं. पाळणेवाल्यानं या वेळी काही विचारलं नाही, पोतं पुढे सरकवलं.

धर्मशाळेत बायांच्या दालनात झोप तर अशी लागली की काकडआरती झाल्यावर कुणीतरी मला हलवून उठवलं. रात्री कुणी पाणी मागितलं नाही, कुणी दाराची कडी पाहायला सांगितलं नाही. निघताना कारभारी म्हणाला, "बाई, मालक अजून बारीतच हायेत काय?" मी म्हटलं, "दादा, मालक उंद्रीत हायेत. मी एकटीच आली." तो म्हणाला, "बरं झालं. जपून जा." प्रसादाची पुडी त्यानं दोनदा दिली.

फाट्यावर मोटार थांबली तर लिंबाखाली तुझे बाबा. पाठ रस्त्याकडे करून बसले होते, जसं काही मोटारीशी त्यांचा संबंध नाही. तानाबाईनं आदल्या दिवशीच घरी जाऊन बोंब ठोकली होती, आणि हे सकाळपासून प्रत्येक मोटारीला पाठ दाखवत बसले होते. गावात विचारणाऱ्याला मात्र सांगत होते की सोबत आहे तिच्या, माह्या वळखीचं मानूस आहे. म्हणजे आम्ही दोघंही सारखेच खोटारडे. मी समोर जाऊन उभी राहिले. म्हणाले, "दर्शन झालं?" म्हटलं, झालं. मग, "सोबत कोन होतं?" मी म्हटलं, "वाळूचं पोतं." आणि भर रस्त्यात सगळं सांगितलं. अकोल्याचंही सांगितलं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तिथे त्यांचं हसू थांबलं. माझ्या हातातला तांब्या घेतला आणि पुढे चालू लागले. दाराशी येऊन म्हणाले, "तुले काही झालं नाही?" मी म्हटलं, नाही. "मंग तिले काऊन होईन?" आणि आत जाऊन स्वतःच्या हातानं चुलीवर चहा ठेवला. चहा कसा झाला ते विचारू नकोस. मी पूर्ण प्याले.

तर पोरी, यात्रेची हकिकत सांगायला एवढे कागद काळे केले नाहीत. तुझ्या एका ओळीला उत्तर द्यायला केले. जा. हो, हो, हो, पाहू नाही. बाबा आता म्हणतात, मी जातो पोचवायला नागपूरपर्यंत, पण मी त्यांना गप्प बसवलं. मामाही म्हणेल. त्याला मलकापूरला तुला गाडीत बसवून दे म्हणावं, तेवढं त्याला नक्की करू दे, अकोल्याचं त्याच्याही मनात काही असेल. पुढे तू एकटी. तुझी गाडी शेगावला थांबते. तिथे फलाटावर आम्ही दोघं उभे असू. डब्यात चढणार नाही, रडणार नाही, निदान मी नाही, बाबांचं सांगता येत नाही. खिडकीतून एक गरम कचोरी देईन, ती आख्खी तू खायची, कुणाला मोडून द्यायची नाही. आणि गाडी सुटल्यावर डब्यातली एखादी बाई विचारेलच, पोरी, सोबत कोन? मला खरं बोलायला किती फेरे पडले ते वाचलंस ना? तू पहिल्याच वेळी सांग.

तुझीच,
आई