हुमेराच्या जपानी पुस्तकांबद्दल आपांना कळवणे

लोणावळा, रविवार

आदरणीय चाँदबी आपा यांना धाकट्या अल्लाउद्दीनचा सलाम. तुमचा गुडघा कसा आहे? दुल्हेभाई साखर तपासून घेतात की नुसतीच खातात? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, माझा उजवा पाय सोडून. त्याचं पुढे येईल.

तुम्ही जूनमध्ये फोनवर हुकूम दिला होता, की हुमेरा जी जपानी चित्रांची पुस्तकं वाचते त्यांत काय आहे ते नीट बघ; वाईट असेल तर पुस्तकं रद्दीत घाल आणि पोरीला फलटणला परत पाठव. (बारावीसाठी तुम्ही तिला माझ्याकडे ठेवलीत, म्हणजे निम्मी ती माझी, हे मी तेव्हा बोललो नाही. तुम्ही रागात होता.) तर तपास पूर्ण झाला आहे.

ह्या पुस्तकांना मांगा म्हणतात. तिच्याकडे सहा भाग आहेत. पहिला मी दुकानात गिऱ्हाईक नसताना उघडला. त्यात एक माणूस मेला, मग उठून पळाला, मग जेवला, आणि शेवटी त्याची ओळख झाली. मला वाटलं, जपानी लोक फार पुढे गेले. हुमेराने कपाळाला हात लावून सांगितलं की पुस्तक उजवीकडून वाचायचं असतं. (उर्दूचं पहिलं पुस्तक तुम्हीच मला कान धरून उजवीकडून शिकवलं होतं. तरी विसरलो.) गोष्ट अशी, की चाळीस अनोळखी माणसं एका बेटावर जागी होतात. रोज सकाळी भोंग्यातून एक नवा खेळ जाहीर होतो, हरला तो मेला, शेवटी उरेल तो घरी. मी म्हटलं, ह्यात वाचायचं काय? असं म्हणत दोन भाग संपवले, आणि तिसऱ्यासाठी अंबाजीशेठना "घड्याळ उद्या देतो" म्हणून परत पाठवलं. ते तीनदा आले.

गोडी कशात आहे ते सांगतो. अडचणीत माणसाच्या आतलं बाहेर येतं, हे आपण लग्नकार्यात बघतोच, पण इथे ते एका पानात दिसतं. कोटबूटवाला साहेब पहिल्याच दिवशी म्हातारीची पाण्याची बाटली लांबवतो. आणि जिला कोणी विचारत नव्हतं ती शिवणकाम करणारी पोर एका उकडलेल्या अंड्याचे दोऱ्याने तीन सारखे भाग करते. त्या पानावर एक शब्द नाही, आपा. नुसता दोरा, अंडं आणि तीन तळहात. मी ते पान चार वेळा बघितलं आणि घरी जाऊन तुमच्या भावजयीला विनाकारण विचारलं, तू जेवलीस का?

दोषही आहेत, ते लपवणार नाही. भोंगा ओरडतो, दहा सेकंद उरली! आणि त्या दहा सेकंदांत हा नायक सतरा पानं विचार करतो, त्याला शाळा आठवते, आईचं आजारपण आठवतं. पस्तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाने हे कसं सोसायचं? पन्नाशीवरचा एकही खेळणारा दुसऱ्या भागापर्यंत पोचत नाही. (माझ्या वयाचा एक आचारी होता, फार भला. बत्तिसाव्या पानावर गेला. मी दुकान लवकर बंद केलं.) पाचव्या भागात तर लेखकालाच बेटावरून सुटायची वाट माहीत नाही हे कळून येतं, कारण तो आणखी बारा माणसं आणून तिथे टाकतो. आणि सगळ्यात मोठा दोष म्हणजे एवढ्या माणसांत एकालाही मामी नाही. हुमेरा तासभर दिसली नाही तर तिच्या मामीने ते बेट हुडकून डबा पोचवला असता.

आता पाय. गेल्या रविवारी हुमेराच्या वर्गातल्या सुषमाने आम्हा दोघांना वडिवळ्याला जेवायला बोलावलं. कामशेतला उतरून जीपने गेलो. जेवण झाल्यावर हुमेराला धरणाच्या वरच्या अंगाला बसून चित्र काढायचं होतं. (ती चित्रं काढते हे तुम्हाला माहीत आहे, कशी काढते ते माहीत नाही.) सोबत मी गेलो. थोड्या वेळात धुकं असं उतरलं की धरण गेलं, वाट गेली, फोनची रेंज गेली, आणि माझ्या डोक्यात सहाही भाग एकदम जागे झाले. मी हुमेराला बजावलं, हलायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, शिधा पुरवून खायचा. शिधा म्हणजे चिक्कीचं एक पाकीट. मी दिवसाला दोन तुकडे ठरवले.

"मामा, आत्ताच जेवलोय आपण," ती म्हणाली.

इतक्यात धुक्यातून एक म्हातारा आला. हातात कोयता. चौथ्या भागात असाच एक मायाळू म्हातारा भेटतो आणि सगळा खेळ तोच चालवत असतो. मी हुमेराचा हात धरून करवंदीच्या जाळीत उडी घेतली. म्हणजे मी एकट्याने घेतली. तिने हात सोडवून घेतला होता. जाळीमागे चर होता. पाय कडकन वाजला.

म्हातारा वाकून म्हणाला, "पाव्हणं, तितं काय करताय? काटं हायती."

"माझी काळजी करू नकोस, तू पुढे जा!" मी हुमेराला ओरडून सांगितलं. (हे वाक्य प्रत्येक भागात दोनदा तरी येतं.)

"मामा, गप बसा जरा," असं म्हणून ती चरात उतरली. चित्राच्या वहीचा जाड पुठ्ठा माझ्या घोट्याला लावून तिने ओढणीने आवळून बांधला. गाठ दोनदा ओढून तपासली, आपा. मग तिने म्हाताऱ्याला नाव विचारलं. नथू. चुकलेली म्हैस शोधत होता, आणि सुषमाचा चुलत आजा निघाला.

"सुषीचं पाव्हणं व्हय?" तो मला म्हणाला. "मग लपलात कशाला?"

मी म्हटलं, म्हैस कुठल्या बाजूला गेली? त्याने मला पाठुंगळीला घेतलं आणि गावापर्यंत आणलं. मी त्याला चिक्कीचं पाकीट आख्खं देऊन टाकलं.

परतीच्या जीपमध्ये मी हुमेराला विचारलं, तुला भीती नाही वाटली? म्हणाली, "वाटली ना. पण इथे कोयता सगळ्यांकडेच असतो, मामा." मग विचारलं, एवढे लोक मरतात त्या पुस्तकांत, तुला आवडतं काय? "मी कोण कोणाला वाचवतं तेवढंच बघते," म्हणाली आणि माझा पाय आपल्या मांडीवर नीट ठेवून बसली. तेव्हा आपा, पुस्तकांनी मुलगी बिघडलेली नाही. मामा बिघडला आहे. त्याला फलटणला पाठवायचं असेल तर खुशाल बोलवा.

दुल्हेभाईंना सलाम. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा धाकटा,
अल्लाउद्दीन

ता. क. तुमच्या हुकमाचा मान राखून मी पुस्तकं रद्दीवाल्या सुरजला दिली होती. चौथ्या दिवशी तो सहाही भाग परत घेऊन आला आणि सातवा मागू लागला. फलटणला मिळतो का बघाल?

ता. क. दुसरा. खरं काम हे, की सोबत एक अर्ज आहे. हुमेराला चित्रकलेच्या कॉलेजात जायचंय, त्याच्या परीक्षेची तयारी करून घेणारा पुण्यातला रविवारचा वर्ग आहे. पालकांच्या सहीची जागा पेन्सिलीने दाखवली आहे. अर्जामागे तिने घरी येऊन काढलेलं चित्र टाचलंय. त्यात धरण नाही. नथू आहे आणि त्याच्या पाठीवर मी. आधी चित्र बघा, मग सही करा. नकार द्यायचा असेल तर तो मात्र पत्राने कळवू नका. मी बायकोला घेऊन स्वतः ऐकायला येईन आणि पाय बरा होईपर्यंत तुमच्याकडेच राहीन. डॉक्टर म्हणतात, दीड महिना.