लेलंडच्या सहीची जागा

लेलंड,

ऑफिसात जातेय. आज लोकांचे टॅक्स रिटर्न भरून द्यायची शेवटची तारीख, यायला उशीर होईल. ओव्हनमध्ये बटाटा-चीजचं कॅसरोल आहे, गरम करून खा. तळघरातच खाणार असशील तर ताट तरी वर आणून ठेव.

टेबलावर आपल्या दोघांच्या एकत्र रिटर्नचा परवानगीचा कागद आहे. माझी सही झालीय, तुझी राहिलीय. दोन्ही सह्या हातात आल्याशिवाय मला ते कॉम्प्युटरवरून पाठवता येत नाही, हे तुला माहीत आहे. तरी महिनाभर तू त्यावर कॉफीचा कप ठेवतोयस. पेन शेजारी ठेवलंय. चालतंय, मी बघितलंय.

"तूच ठोक की माझी सही, कोण बघतंय?" असं या वर्षी म्हणू नकोस. काल ग्लेनिस त्यांच्या कागदावर नवऱ्याची सही स्वतःच ठोकून ऑफिसात आली. मी तिला परत पाठवलं. म्हणाली, "अगं, लॉइड ट्रॅक्टरवर बसलाय, उचलून आणू का त्याला? तू घरी लेलंडची करत नाहीस होय?" सगळे हसले. मीही हसले. तिला काय सांगणार? तिचा लॉइड निदान विचारलं तर उत्तर देतो.

संध्याकाळी मधेच कागद न्यायला डोकावेन. भांडणार नाही, तेवढा जीव उरला नाही माझ्यात. जागा रिकामी दिसली तर माझं एकटीचं रिटर्न भरीन. कॉम्प्युटर सुरुवातीलाच विचारतो, नवरा-बायको एकत्र की वेगवेगळे? इतकी वर्षं मी तो प्रश्न न वाचताच पुढे जायचे.

व्हर्ना