रिकाम्या खुर्चीचे संवाद

सोमवार, ४ नोव्हेंबर

बदली झाली आणि बाडबिस्तरा घेऊन ताईकडे येऊन पडलो. माडीवरची खोली, मऊ गादी, खिडकीतून टेकडी. मी वर्तमानपत्राचा वार्ताहर; इथे बातमी म्हणावी असं काहीच घडत नाही, तेव्हा हवा मानवेल असं दिसतं. भाचीने बॅग उचलून घेतली आणि माझ्या टकलाची प्रगती विचारली. तिचे वडील गेल्यापासून पोरीने गाणं टाकलं होतं. आता इथल्या हौशी मंडळाच्या संगीत नाटकात ती नायिका आहे, म्हणून ताई दोन घास जास्त जेवते आहे.

मंडळाला प्रॉम्प्टर हवा आहे म्हणे. उच्चार स्वच्छ, आवाज बारीक आणि रंगमंचावर मिरवायची हौस नाही असा. ताईच्या मते ही सगळी लक्षणं माझ्या ठिकाणी एकवटली आहेत.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

तालीम शाळेच्या व्यायामशाळेत. रबरी चटयांचा वास. दिग्दर्शक दिवसा दात काढतो, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. नाटक धाडसी खरंच: एक नवरी आपल्या लग्नाला मृत्यूलाच बोलावते, त्याच्यावर भाळते आणि शेवटी त्याचा हात धरून निघून जाते. मृत्यू गातो, चेष्टा करतो, लाजतोसुद्धा. गावातल्या वडीलधाऱ्यांच्या भुवया आधीच कपाळाबाहेर गेल्या आहेत. त्यामुळे मृत्यूचं काम करायला कोणी तयार नाही.

पण मंडळाची जुनी पद्धत आहे. नट गैरहजर असला की त्याच्या जागी खुर्ची मांडायची, त्याचे संवाद प्रॉम्प्टरने विंगेतून म्हणायचे आणि बाकीच्यांनी खुर्चीच्या डोळ्यांत बघून काम करायचं. म्हणजे मृत्यू सध्या मीच. यम् म्हणजे आवरणे असं संस्कृतात शिकलो होतो. मला मात्र हसू आवरेना.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

माझं संस्कृत डॉक्टरला कोणीतरी चुगलीसारखं सांगितलं. मृत्यूला बोलावण्याचं पद मी रचावं असं ठरलं. रचलं, आणि चोख रचलं: नाव घेऊन हाक, आसन, ये-बैस, काही म्हणून कमी ठेवलं नाही. ज्याला बोलावलं त्याला निरोपही द्यायला हवा, म्हणून शेवटी निरोपाचं पदही लिहिलं. चारच ओळी. त्यातली तिसरी माझी आवडती: ‘जाताना बरोबर काही नेऊ नकोस.’

बोलावण्यावर डॉक्टर फिदा. निरोप मात्र सरळ कापला. नायिका त्याच्याबरोबर जाते, मग निरोप कोणाला? शिवाय तोवर लोक चपला शोधायला लागतात. मी घसा फोडून भांडलो. पेटीवाला म्हणाला की मामा, डॉक्टरने काढलेला दात कधी परत बसवलाय का? सगळे हसले. मी सोडून.

सोमवार, १८ नोव्हेंबर

वैताग आहे. एकाचंही पाठांतर नाही. मी शब्द द्यावा तर विचारतात, काय? पुन्हा द्यावा तर म्हणतात, ओरडू नका मामा.

आज घसा पार बसला. गरम पाण्याचा पेला धरून विंगेत गप्प बसलो. म्हटलं, आज खुर्चीही मुकी. पण बोलावण्याचा प्रवेश इतका रंगला की पेटीवाल्याने पेटी थांबवून टाळी वाजवली. नंतर तो मला म्हणाला की असा आवाज इतके दिवस कुठे दडवला होतात? भाचीही तेच.

मी तोंड उघडलं नव्हतं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

घसा सुटला. काही उपयोग नाही. मी ओळीवर बोट ठेवतो तोवर ती म्हटली गेलेली असते. खुर्चीतून. मऊ आवाज, घाई नाही, एक शब्द चुकत नाही. अख्ख्या मंडळात एवढंच एक पाठांतर पक्कं! सगळ्यांना वाटतं, मीच.

डॉक्टरला सांगितलं. त्याने माझा जबडा उघडून विजेरी मारली. दाढ किडली आहे म्हणाला.

रविवार, २४ नोव्हेंबर

दुपारी एकटाच जाऊन खुर्ची चटया ठेवायच्या खोलीत कोंडली, कुलूप लावलं. डॉक्टरच्या पाया पडायचं बाकी ठेवून म्हटलं, बाबा रे, निरोपाचं पद परत घे. तो म्हणाला, मामा, कवीचा अहंकार.

तालमीला गेलो तर खुर्ची जागेवर. किल्ली माझ्या खिशात. बैठकीवर हात ठेवला — ऊबदार.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

भाची जेवत नाही. तिच्या खोलीतून गुणगुणणं येतं. एक ओळ म्हणते, मग थांबते. समोरच्याची ओळ संपेपर्यंत थांबावं तशी. मग हसते.

विचारलं. म्हणाली, तो बाबांबद्दल सांगतो मामा. बाबा मजेत आहेत.

ताईला म्हटलं, पोरीला नाटकातून काढ. आत्ताच. ताई रडली. इतक्या दिवसांनी लेक गाते आहे ते तुला बघवत नाही का म्हणाली.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

डॉक्टर खूश. नट नकोच म्हणतो. प्रयोगात खुर्चीच ठेवायची, आवाज मामांचा, प्रेक्षक वेडे होतील.

घरी ताई कोट शिवत होती. काळा, नवऱ्या मुलाचा. खुर्चीच्या पाठीवर घालायला. पण बाह्या, खांदे, सगळं बेतलेलं. कोणाच्या मापाने, विचारलं.

भाचीने मापं आणून दिली म्हणे.

शनिवार, ३० नोव्हेंबर. प्रयोग

विंगेत आहे. तिसरा अंक. संहितेवर वही ठेवून लिहितो आहे. कोट खुर्चीवर — भरलेला वाटतो. लोक श्वास रोखून.

मी बोलावलं. निरोप मीच द्यायचा. डॉक्टर ओरडेल, ओरडू दे. ती हात पुढे करेल तेव्हा विंगेतून म्हणणार. पदाचा कागद डॉक्टरने फाडला. पाठ आहे. तरी लिहूनच घेतो —

आलास तसा जा, पाहुण्या,
उंबरा ओलांड, मागे पाहू नकोस,

तिसरी — माझीच ओळ — तिसरी —

भाची उठली. खुर्चीकडे —

आठवत नाही. आठवत —

मागून कोणीतरी शब्द देतंय. हळूच, अगदी कानाशी. विंगेत माझ्याशिवाय कोणी — मऊ आवाज, घाई नाही. म्हणतो, घ्या मामा, लिहा. हात सवयीने —

जाताना बरोबर हिला ने